‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ आणि ‘पिशवी काढून टाका’ यांच्या मधे काय असतं?

प्रश्न थोडक्यात: वय ३६, नाशिक जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, दोन मुलं, दुसऱ्याच्या वेळी सिझेरियन. चार वर्षांपासून पाळीच्या आठवडाभर आधीच ओटीपोट आणि कंबर भरून येते. पाळीत शौचाला बसलं की आतून कळ जाते, संबंधांच्या वेळी खोलवर दुखतं, रक्ताच्या गाठी पडतात, आणि पाळी संपल्यावरही चार दिवस तपकिरी डाग लागत राहतात. तीन डॉक्टर झाले. पहिले म्हणाले, सोनोग्राफी नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका. दुसऱ्या म्हणाल्या, बायकांना एवढं होतंच. तिसऱ्यांनी मुलं झाली आहेत तर पिशवी काढून टाकायला सांगितलं. मी उगाच बाऊ करतेय का?

उत्तर:

बाऊ अजिबात नाही. पाळीत शौचाच्या वेळी आतून कळ जाते, हे एकच वाक्य ऐकल्यावर कोणत्याही स्त्रीरोगतज्ज्ञाने पुढचे चार प्रश्न विचारायला हवेत. ते विचारले गेले नाहीत, किंवा ते वाक्य बोलण्याइतका वेळच तुम्हाला मिळाला नाही. पाच-सात मिनिटांच्या ओपीडीत दोन्ही होतं.

तुम्ही कळवलेल्या तीन केसपेपरवरच्या नोंदी मात्र बोलक्या आहेत. पहिल्यावर ‘पेन इन ॲब्डोमेन’ (पोटात दुखणं), दुसऱ्यावर ‘डीयूबी’ (डिसफंक्शनल यूटेराइन ब्लीडिंग, म्हणजे गर्भाशयातून होणारा अनियमित रक्तस्राव), तिसऱ्यावर ‘बल्की यूटेरस, ॲडव्हाइस टीएएच’ (गर्भाशय मोठं, पोट उघडून ते काढण्याचा सल्ला). पहिली तुमचीच तक्रार आहे, फक्त इंग्रजीत लिहिलेली. डीयूबी हे नाव वापरू नका असं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फिगो या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ सालीच सुचवलं, कारण त्यातून रक्तस्राव का होतोय हे काहीच कळत नाही. आणि तिसरीत थेट ऑपरेशन आहे, आजाराचं नाव नाही. म्हणजे ‘काही नाही’ आणि ‘काढून टाका’ ही दोन टोकं वाटत असली तरी दोन्हीकडे एकच गोष्ट राहून गेली आहे: निदान. पुढच्या भेटीत गोळीही मागायची नाही आणि सहानुभूतीही नाही. निदान मागायचं.

आता त्या ‘नॉर्मल’ सोनोग्राफीबद्दल, कारण सगळी गाडी तिथेच अडते.

तुमची सोनोग्राफी पोटावरून झाली आहे, भरलेल्या लघवीच्या पिशवीतून. या तपासणीत मोठा फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूची गाठ), बीजकोशाची मोठी गाठ, गर्भ, पोटात साठलेलं पाणी हे दिसतं. तुमच्या तक्रारी ज्या दोन आजारांकडे बोट दाखवतात ते एंडोमेट्रिओसिस आणि ॲडिनोमायोसिस मात्र तिच्यातून सहज निसटतात. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात: बीजकोशावर, गर्भाशयाच्या मागच्या बाजूच्या अस्थिबंधांवर, गुदाशयाच्या भिंतीवर. बीजकोशात त्याची गाठ झाली, जिला एंडोमेट्रिओमा किंवा चॉकलेट सिस्ट म्हणतात, तर ती कोणत्याही बऱ्या मशीनवर दिसते. खोल रुजलेल्या गाठी पोटावरून नव्हे, तर योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत, म्हणजे टीव्हीएसमध्ये, आणि त्यातही ती नजर असलेल्या माणसालाच दिसतात. पोटाच्या आतल्या पडद्यावर विखुरलेले बारीक ठिपके तर एमआरआयमध्येही बहुधा दिसत नाहीत. म्हणून सोनोग्राफी नॉर्मल आहे याचा अर्थ एवढाच की या पद्धतीने दिसण्यासारखं काही दिसलं नाही.

ॲडिनोमायोसिसमध्ये तेच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूंच्या भिंतीत शिरतं. टीव्हीएसमध्ये पुढची आणि मागची भिंत असमान जाड दिसते, भिंतीत बारीक पोकळ्या असतात, पंख्याच्या काड्यांसारख्या सावल्या पडतात. पोटावरून पाहिलं तर यातलं बहुतेक हुकतं आणि रिपोर्टवर ‘बल्की’ एवढाच शब्द उरतो. घरी येताना त्याचं ‘पिशवीला सूज’ झालेलं असतं. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय थोडं मोठं असणं स्वाभाविक आहे. त्यामुळे नुसत्या ‘बल्की’ शब्दावर उपचारही नको आणि घबराटही नको. कशामुळे बल्की, एवढं विचारा.

सोनोग्राफीत काय सापडतं हे बरंचसं चिठ्ठीवर काय लिहिलंय त्यावर ठरतं. चिठ्ठीवर ‘यूएसजी ॲब्डोमेन–पेल्व्हिस, पेन’ असेल तर रेडिओलॉजिस्ट यकृतापासून मूत्रपिंडापर्यंत सगळं पाहतो आणि गर्भाशयाच्या वाट्याला मिनिटभर येतं. डॉक्टरांना विनंती करून चिठ्ठीवर असं लिहून घ्या: ‘पाळीशी निगडित ओटीपोटदुखी, शौचाच्या वेळी वेदना, संबंधांत खोल वेदना, पूर्वी सिझेरियन. टीव्हीएस. ॲडिनोमायोसिस, एंडोमेट्रिओमा, यूटेरोसेक्रल व रेक्टल नोड्यूल, स्लायडिंग साइन, सिझेरियन स्कार नीश पाहावे.’ डॉक्टर ते इंग्रजीत लिहितील, हरकत नाही. यूटेरोसेक्रल व रेक्टल नोड्यूल म्हणजे मागच्या अस्थिबंधांवरच्या आणि गुदाशयावरच्या गाठी. स्लायडिंग साइन म्हणजे प्रोबने हलकं ढकलल्यावर गर्भाशय आणि गुदाशय एकमेकांवरून सरकतात की चिकटलेत हे पाहणं. मिनिटभराचं काम आहे, पण कोणी सांगितलं नाही तर ते सहसा होत नाही.

यातला स्कार नीश तुमच्या तपकिरी डागांसाठी. सिझेरियनच्या व्रणाजवळ गर्भाशयाच्या भिंतीत कधीकधी खाच राहते. पाळीचं रक्त तिथे साचतं आणि पाळी संपल्यावर थेंबथेंब बाहेर येतं. टीव्हीएसमध्ये, गरज पडली तर आत थोडं सलाइन सोडून केलेल्या तपासणीत, ती नीट मोजता येते. हे डाग म्हणजे ‘आत काहीतरी राहून गेलं’ असं समजून बायका क्युरेटिन, म्हणजे गर्भाशय आतून खरवडणं, करून येतात. क्युरेटिनने ती खाच भरत नाही.

सोनोग्राफीच्याही आधी एक तपासणी आहे, जिला मशीन लागत नाही. स्पेक्युलम लावून गर्भाशयाचं तोंड पाहणं आणि मग बोटांनी आतून तपासणं. तुमच्या तीनही कागदांवर ‘पीएस/पीव्ही’ अशी नोंद नाही. ती केली असती तर गर्भाशय जागच्या जागी हलतं का, मागच्या अस्थिबंधांवर दाबल्यावर नेमकी तीच ओळखीची कळ उठते का, तिथे ज्वारीच्या दाण्याएवढ्या टणक गाठी लागतात का, हे कळलं असतं. शक्य असेल तर ही तपासणी दुखण्याच्या दिवसांत करून घ्या, तेव्हा ती जास्त बोलते. दुखत असेल तर लहान स्पेक्युलम मागता येतं, मधेच थांबा म्हणता येतं. डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत स्त्री परिचारिका असणं हा तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

आणखी एक, सिझेरियन झालंय म्हणून. टाक्याच्या एका टोकाला पाळीत सुजणारी, दुखणारी गाठ लागते का ते बोटांनी चाचपून पाहा. उताणं झोपून डोकं वर उचलायचं, पोटाचे स्नायू घट्ट करायचे आणि दुखऱ्या जागी दाबायचं. दुखणं वाढलं तर उगम पोटाच्या भिंतीत आहे: व्रणातलं एंडोमेट्रिओसिस किंवा तिथे अडकलेली नस. कमी झालं तर आत. या साध्या चाचणीने काहींचं वर्षानुवर्षांचं दुखणं उलगडतं.

आता तुमच्याकडून काय हवं. ‘खूप दुखतं, खूप जातं’ यावर डॉक्टरला काही करता येत नाही, कारण पुढची बाईही तेच म्हणते. आकडे द्या. दोन पाळ्यांची नोंद पुरते, तीन असतील तर उत्तम. रोज: दुखणं १० पैकी किती, कुठे, कोणती गोळी किती वाजता घेतली, तिने किती तास आराम पडला, कामाला किंवा शेतावर जाता आलं का, शौच आणि लघवीच्या वेळी दुखलं का.

रक्तासाठी एक जुना तक्ता आहे. दिवसभरात बदललेल्या प्रत्येक पॅडला गुण द्यायचे: थोडंसं भिजलं तर १, मध्यम ५, पूर्ण भिजलं तर २०. एक रुपयाच्या नाण्याएवढी गाठ १ गुण, दहाच्या नाण्याएवढी किंवा मोठी ५. पूर्ण पाळीची बेरीज १०० च्या वर गेली तर रक्तस्राव ८० मिलिलिटरच्या पुढे, म्हणजे निश्चित जास्त, असं मानतात. तक्ता साध्या पॅडवर बेतलेला आहे. जाड ‘एक्सएल’ पॅड किंवा कापडाची घडी वापरत असाल तर गुण कमी भरतील, तेव्हा काय वापरता ते सोबत लिहा. मेन्स्ट्रुअल कप वापरणारीचं काम सोपं आहे. बऱ्याच कपांवर मिलिलिटरच्या रेघा असतात, ओतण्याआधी वाचून लिहायचं. रात्री उठून पॅड बदलावं लागणं, दोन पॅड एकावर एक लावावे लागणं, सात-आठ दिवसांच्या पुढे पाळी जाणं, हेही लिहा. आणि ‘अंगावरून जातं’ एवढंच म्हणू नका. समोरचा पांढरं समजतो आणि तुम्ही लाल सांगत असता, असं ओपीडीत बऱ्याचदा घडतं.

याच्या जोडीला हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी चाचणी, करून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, हे सगळ्यांना माहीत असतं. पण शरीराचा लोहाचा साठा त्याच्या कितीतरी आधी रिकामा होतो. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर हिमोग्लोबिन १२.३ असूनही धाप लागते, केस गळतात, चिडचिड होते. मग त्या थकव्यालाही ‘टेन्शन’ म्हणून मोडीत काढलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय सापडला. एवढं सर्रास आहे म्हणूनच त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर फुकट जाते. जेवणाआधी तासभर किंवा नंतर दोन तासांनी घ्या, आणि हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही तीन महिने चालू ठेवा. थायरॉइडसाठी टीएसएच त्याच रक्तात होऊन जाईल.

सीए-१२५ ही बीजकोशाच्या कॅन्सरच्या शंकेपोटी केली जाणारी रक्तचाचणी सुचवली तर कशासाठी ते विचारा. तुमच्या वयात ती पाळीतही वाढते, फायब्रॉइडने, क्षयाने, एंडोमेट्रिओसिसनेही वाढते. तिने निदान ठरत नाही, झोप मात्र उडते.

खोलीत शिरल्यावर पहिली दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची, कारण तिसऱ्या वाक्यापर्यंत डॉक्टरची लेखणी सुरू झालेली असते. सहा वर्षांपूर्वीच्या कावीळपासून सुरुवात केलीत तर मुद्दा येईतो वेळ संपतो. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा:

‘चार वर्षं. पाळीच्या ७ दिवस आधीपासून पाळी संपेपर्यंत ओटीपोटदुखी, १० पैकी ८. पाळीत शौचाच्या वेळी वेदना. संबंधांत खोल वेदना. रक्तस्रावाचे गुण १६०, दहाच्या नाण्याएवढ्या गाठी. नंतर ४ दिवस तपकिरी डाग. सिझेरियन एक. आतापर्यंतची औषधं: … मला एंडोमेट्रिओसिस किंवा ॲडिनोमायोसिस आहे का, हे तपासायचं आहे.’

आकडे तुमचे घाला. आजाराचं नाव घेतलं की डॉक्टर दुखावतील अशी भीती वाटते, आणि काही जण ‘गुगल करून आलात वाटतं’ म्हणतीलही. म्हणू द्या. कागदावर नाव आलं की त्याला उत्तर द्यावं लागतं.

संबंधांतलं दुखणं सासूबाई किंवा नवरा शेजारी बसलेले असताना बोलता येत नाही, आणि बऱ्याचदा उत्तरंही तेच देतात. ‘डॉक्टर, तपासणीच्या वेळी दोन मिनिटं एकटीशी बोलायचंय’ असं म्हणा. पडद्यामागे टेबलावर गेल्यावर हे सहज जमतं.

उठण्याआधी तीन प्रश्न विचारा. तुमच्या मते काय काय असू शकतं? त्यातलं काय नक्की नाही, आणि ते कोणत्या तपासणीने कळलं? हे औषध किती दिवसांत लागू पडायला हवं, नाही पडलं तर पुढचं पाऊल काय? तिसरा सगळ्यात उपयोगी. त्याचं उत्तर केसपेपरवर लिहून घ्या. पुढच्या वेळी ‘बघू अजून एक महिना’ याऐवजी ठरलेलं पाऊल समोर येतं, डॉक्टर बदलले तरी.

‘सगळी औषधं करून झाली’ असं लिहिलंय, त्याबद्दल थोडं सविस्तर, कारण औषध चुकीचं नसून मात्रा अपुरी, असं वारंवार दिसतं.

वेदनेसाठी मेफ्टाल-स्पास घेता. त्यात मेफेनॅमिक ॲसिड २५० मिलिग्रॅम असतं, बाकी पोटातल्या पेटक्यांवरचं डायसायक्लोमिन. पाळीच्या वेदनेसाठी मेफेनॅमिकची नेहमीची मात्रा ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा अशी आहे, जेवणानंतर, आणि दुखणं चढायच्या आधीच सुरू करून दोन-तीन दिवस सलग. असह्य झाल्यावर एक गोळी घेऊन ती ‘लागू पडत नाही’ म्हणणं औषधावर अन्याय आहे. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, वेदनाशामकाने उठणारा दमा असेल तर हा गटच टाळायचा. मेफेनॅमिकमुळे क्वचित ताप, अंगभर पुरळ आणि आतल्या अवयवांना इजा अशी गंभीर प्रतिक्रिया येते. भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस त्याबद्दल सावध केलं आहे. गोळी सुरू असताना किंवा पुढच्या काही आठवड्यांत तापासह पुरळ उठलं तर ती थांबवून लगेच दाखवा.

रक्तस्रावासाठी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन गोळ्या, दिवसातून तीनदा, जास्त जाणाऱ्या चार-पाच दिवसांतच. एकेक गोळी देऊन फरक पडला नाही असं ठरवलेलं तुमच्या दुसऱ्या कागदावर दिसतं. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेलेली असेल तर हे औषध नको.

नॉरएथिस्टेरॉन या हार्मोनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या दहा दिवस दिल्या, रक्त थांबलं, गोळ्या संपल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा धो-धो सुरू झालं, आणि तुम्ही डॉक्टर बदलले. ते येणारच होतं. गोळी थांबली की अस्तर सुटतं. हे आधी सांगायचं काम आम्हा डॉक्टरांचं, आणि नेमकं तेच राहून जातं.

एंडोमेट्रिओसिसचा दाट संशय असेल तर दुर्बिणीच्या ऑपरेशनची वाट न पाहता हार्मोनचं औषध सुरू करता येतं. युरोपातल्या ईश्री या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनेही निदानासाठी लॅपरोस्कोपीचा आग्रह सोडला आहे: स्कॅनमध्ये काही नाही किंवा औषधाने उतार नाही, तेव्हा ती. डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम रोज, खंड न पाडता, किमान तीन महिने. पहिल्या तीन महिन्यांत अवेळी डाग लागतात, काहींचा मूड उतरतो. हे न सांगितल्याने निम्म्या वाटेवर गोळी सुटते. ॲडिनोमायोसिस आणि जास्त रक्तस्राव असेल तर लेव्होनॉर्जेस्ट्रेल ५२ मिलिग्रॅमचं गर्भाशयात बसवायचं साधन, ज्याला लोक मिरेना म्हणतात, ते माझ्या मते तुमच्यासारख्या, पुढे मूल नको असलेल्या बाईसाठी पहिली निवड ठरावी. रक्तस्राव बहुतेकींमध्ये खूपच कमी होतो, पण तीन ते सहा महिने किरकोळ डाग लागत राहतात. तिथेच धीर सुटतो आणि साधन काढलं जातं. सिझेरियनच्या व्रणाजवळची खाच मोठी असेल तर बसवण्याआधी त्याचा विचार व्हावा.

आता पिशवी काढण्याबद्दल. महाराष्ट्रात हा विषय नुसता वैद्यकीय राहिलेला नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांचं सरकारी सर्वेक्षण झालं, त्यात ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीत खाडा पडतो, मुकादम दंड कापतो, पांढरं जातं, कोणी तरी ‘कॅन्सर होईल’ म्हणतं, आणि तिशीतली बाई टेबलावर जाते. २०२२ मध्ये केंद्र सरकारने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत लागू करा असं सगळ्या राज्यांना सांगितलं.

म्हणजे हे ऑपरेशन वाईटच असं नाही. औषध आणि साधन दोन्ही करूनही ॲडिनोमायोसिस छळत असेल तर गर्भाशय काढून बायका खरोखर सुटतात. पण एंडोमेट्रिओसिस बाहेर पसरलेला असताना नुसती पिशवी काढली तर गुदाशयाजवळच्या गाठी तिथेच राहतात, आणि शौचाच्या वेळची ती कळही. म्हणून आधी निदान. ऑपरेशन सुचवणाऱ्याला विचारा: नेमक्या कोणत्या आजारासाठी? काय काय करून पाहायचं राहिलंय? बीजकोश ठेवणार की काढणार? पंचेचाळिशीच्या आत दोन्ही बीजकोश काढले तर रजोनिवृत्ती एका रात्रीत येते, हाडं आणि हृदय दोन्हीला त्याचा फटका बसतो. ‘आत गेलोच आहोत तर तेही काढू’ याला संमतिपत्रावर सही करण्याआधी नकार देता येतो. ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ असं सांगितलं गेलं तर लक्षात ठेवा: बहुतेक वेळा ती जखम नसते, आतलं लालसर अस्तर तोंडावर आलेलं असतं, आणि तो आजार नाही. पॅप किंवा एचपीव्ही (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची) चाचणी नीट आली तर त्यासाठी गर्भाशय काढायचं कारण नाही. संबंधांनंतर रक्त येत असेल तर मात्र तोंड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणीही गोळी देऊ नये.

इतर काही जणींसाठी दोन-चार ओळी.

लग्न न झालेल्या मुलींना ‘लग्न झालं, मूल झालं की थांबेल’ हे उत्तर हमखास मिळतं. गरोदरपणात पाळी बंद असते म्हणून दुखणं दबतं, एवढंच त्यात खरं. आतून तपासणी नको असेल तर गुदमार्गे सोनोग्राफी किंवा एमआरआय हे पर्याय आहेत. पाळी पहिल्यापासूनच भरपूर असेल, दात काढल्यावर रक्त थांबलं नव्हतं किंवा घोळणा फुटतो, तर रक्त गोठण्याच्या दोषाची, विशेषतः व्हॉन विलेब्रँडची, तपासणी मागा. १९ वर्षांच्या मुलीला नुसत्या सोनोग्राफीवरून ‘पीसीओडी’चा शिक्का मारू नये. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत बीजकोशात तसे बुडबुडे नैसर्गिकरीत्याही दिसतात. पण गोळ्या सुरू नसताना पाळी तीन-तीन महिने येतच नसेल तर ‘वजन कमी करा’ एवढ्यावर परत येऊ नका, अस्तर जाड होत राहतं, त्याचा बंदोबस्त हवा.

पांढरं जाणं आणि खाज पुन्हा पुन्हा होत असेल तर दर वेळी न तपासता गोळ्यांचं किट घेणं थांबवा. योनीतल्या पाण्याचा पीएच कागदाने पाहिला आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर बुरशी आहे की जिवाणूंचा असमतोल हे तिथेच कळतं. पीएच ४.५ च्या वर गेला तर नुसती बुरशी असण्याची शक्यता कमी. बुरशी वर्षात तीन-चारदा झाली तर साखर तपासा. आणि वर्षानुवर्षं खाज, वर कातडी पांढरी, पातळ, कागदासारखी झालेली, हे बुरशीचं मलम लावून न जाणाऱ्या लायकेन स्क्लेरोससचं लक्षण असू शकतं. ते नुसतं पाहून ओळखता येतं, फक्त कोणी तरी पाहायला हवं.

‘मनाचं आहे’ याबद्दल: सहा महिन्यांहून जुन्या वेदनेने मेंदू आणि नसा जास्त संवेदनशील होतात, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कायम आवळलेले राहतात, झोप बिघडते. त्यासाठी स्नायूंची फिजिओथेरपी, कधी अमिट्रिप्टिलिनसारखं औषध रात्री कमी मात्रेत, याचा खरा उपयोग होतो. ते देणारा डॉक्टर तुम्हाला वेडी ठरवत नसतो. पण हे तपासणीच्या जोडीने यावं, तपासणीच्या ऐवजी नव्हे.

दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. जाताना सोनोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको. दाखल होऊन उपचार झाले असतील तर कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यावीत असा वैद्यकीय परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे, अर्ज लेखी करून पोच घ्या. खाजगी टीव्हीएसचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयाची स्त्रीरोग ओपीडी आहेच. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. टीव्हीएसमध्ये गुदाशयाजवळ गाठ दिसली तर पुढचं ऑपरेशन आतड्याचे सर्जन सोबत असलेल्या, अशा केसेस नेहमी करणाऱ्या ठिकाणीच व्हावं. तालुक्याला अर्धवट करून पुन्हा नाशिक-मुंबई गाठण्यात दुसरं ऑपरेशन जास्त अवघड होऊन बसतं.

काही वेळा मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहायची नसते. तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय, असं दोन-तीन तास चाललंय आणि चक्कर येतेय. पाळी चुकली आहे आणि एका बाजूला कळ, घेरी किंवा खांद्यात दुखणं. अचानक असह्य कळ आणि उलट्या. थंडीताप आणि घाण वासाचा स्राव. यात त्याच दिवशी, रात्र असली तरी. आणि घरातल्या कोणाची पाळी वर्षभर बंद होऊन पुन्हा एक डाग जरी लागला, तरी दोन आठवड्यांच्या आत दाखवा: टीव्हीएसमध्ये अस्तर ४ मिलिमीटरच्या वर असेल किंवा डाग पुन्हा लागला तर बायोप्सी हवी. ती ओपीडीत, बारीक नळीने, भूल न देताही होते.